मोडी कागदांतील अवांतर मजकूर आणि छापणाराचे कंस

जुना कागद वाचणें निराळें आणि तो छापणें निराळें. वाचणाराची चूक त्याच्यापुरती राहते. छापणाराची चूक पुढें त्या कागदावर विसंबणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाच्या पदरीं पडते. यासाठीं छापणारानें मूळ मजकुरांत स्वतःचें म्हणून जें जें घातलें असेल, तें वेगळें ओळखूं येईल अशी तजवीज त्यानेंच करून ठेविली पाहिजे. हें तत्त्व कोणी नाकबूल करीत नाहीं. आचरणांत मात्र तें फार थोड्या ठिकाणीं उतरतें. आमच्याहि हातून तें उतरलें नाहीं, आणि प्रस्तुत लेख लिहिण्यास तीच चूक कारण झाली आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याच्या दप्तरांतील महजराची आम्हीं बाळबोध नक्कल केली. कागदाची उजवी कड फाटलेली असल्यामुळें बहुतेक ओळींचीं शेवटचीं दोन-तीन अक्षरें गेलीं होतीं. संदर्भावरून जीं सुचलीं तीं आम्हीं कंसांत भरलीं. संक्षेप उलगडून लिहिले, तेहि कंसांत. मुसलमानी तारखेचा इसवी मेळ घातला, तोहि कंसांत. मूळ लेखकानें दोन ओळींच्या मधील जागेंत मागाहून बारीक अक्षरांनीं चार शब्द घातले होते, तेहि आम्हीं कंसांतच उतरले. त्या वेळीं सर्व कांहीं ध्यानांत होतें, म्हणून टीप ठेविली नाहीं. पुढें नक्कल छापण्याचा प्रसंग आला तेव्हां मूळ ताडून पाहण्यास गेलों, तों त्या रुमालास वाळवी लागून कागदाचा चुरा झालेला. आतां आमची नक्कल हाच काय तो पुरावा उरला आहे. आणि वतनाची शीव ज्या एका शब्दावर ठरते, तो कंसांतील शब्द मूळ लेखकानें मागाहून घातलेला कीं आम्हीं अंदाजानें भरलेला, हें आम्हांसच सांगतां येत नाहीं.

अशी पाळी दुसऱ्या कोणावर येऊं नये, एवढ्यासाठीं मोडी कागदांतील अवांतर मजकूर कसा ओळखावा व छापतांना तो कसा दाखवावा, याचा थोडा विचार येथें करितों.

(१) चिन्हांवांचून अवांतर मजकूर

मोडी लिहिणारा कारकून प्रथम बोरूनें कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघा ओढी आणि मग त्या रेघांस अक्षरें लोंबतीं ठेवी. शब्द तोडण्याची चाल नव्हती. स्वल्पविराम, कंस, अपसरणरेषा यांपैकीं कांहींच नव्हतें. यावरून जुन्या लेखकांस मुख्य मजकूर व अवांतर मजकूर यांतील भेद दाखवितां येत नव्हता, असें जर कोणी समजेल तर तो मोठा भ्रम होय. तो भेद ते शब्दांनीं दाखवीत, आणि अनेक ठिकाणीं हे शब्द कंसाप्रमाणें जोडीनेंच येतात.

इनामपत्रांतील नित्याचा पाठ पहावा. गांव इनाम दिल्याचें सांगतांना 'कुलबाब कुलकानू हल्लीं पट्टी व पेस्तर पट्टी' असे शब्द येतात, 'जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप' यांची मोजदाद होते, आणि नंतर 'खेरीज हक्कदार व इनामदार करून' असें कलम येतें. या कलमांत 'खेरीज' हा शब्द कंस उघडतो आणि 'करून' हा तो मिटतो. मधला मजकूर दानांतून बाहेर काढलेला आहे, हें कोणत्याहि चिन्हावांचून स्पष्ट होतें. पत्रव्यवहारांत दुसऱ्याचें म्हणणें सांगावयाचें असल्यास 'तुम्हीं लिहिलें कीं' येथें 'कीं' हा शब्द द्वार उघडतो, 'म्हणोन' हा तें लावून घेतो, आणि 'ऐशास' या शब्दानें लिहिणाराचें स्वतःचें उत्तर सुरू होतें. ही खूण ज्यास ठाऊक नाहीं तो दुसऱ्याची तक्रार लिहिणाराच्या तोंडीं घालतो व लिहिणाराचा हुकूम तक्रारदाराच्या.

'पैकीं', 'देखील', 'दरोबस्त', 'बितपशील' हे शब्दहि याच कामाचे. 'देखील' म्हणजे अमुक बाब धरून, 'दरोबस्त' म्हणजे कांहीं न वगळतां, 'पैकीं' म्हणजे एवढ्यांतून इतकेंच. 'सदरहू', 'मजकूर', 'मशारनिल्हे' या शब्दांमुळें एकदां दिलेली ओळख पुन्हां मध्यें घालण्याचें कारण राहत नाहीं. 'निसबत' व 'दिमत' हे शब्द मनुष्यास त्याच्या खात्याशीं किंवा धन्याशीं जोडतात. आजचा लेखक तोच मजकूर नांवापुढें दोन स्वल्पविरामांत घालील.

याशिवाय, मागाहून कोणी मजकूर वाढवूं नये याचीहि जुन्या दप्तरांत काळजी असे. पत्र संपलें कीं 'मोर्तब सूद' किंवा 'लेखनसीमा' असा शिक्का होई, आणि लांब कागदांच्या सांध्यांवर पाठीमागें शिक्के उठवीत. म्हणजे वाक्याच्या शेवटीं पूर्णविराम नसला तरी कागदाच्या शेवटीं तो पक्का होता.

(२) चिन्हें दिसतात, पण विरामचिन्हें नव्हेत

मोडी कागदांत उभ्या दंडासारख्या खुणा येतात त्या बहुधा विरामाच्या नसतात. अंकापुढें एक दंड असल्यास तो पाव, दोन असल्यास अर्धा, तीन असल्यास पाऊण. 'रुपये १२॥' म्हणजे साडेबारा रुपये. ज्यानें तो दुहेरी दंड वाक्य संपल्याची खूण समजून गाळला, त्यानें सरकारी जमेंतून आठ आणे कमी केले. आणि अशीं शंभर कलमें असलेली ताळेबंदाची याद त्याच्या हातीं गेली, तर बेरीज कधींच जुळणार नाहीं. हाच दंड अक्षरापुढें आला कीं संक्षेप दाखवितो: 'मौ॥' म्हणजे मौजे, 'प॥' म्हणजे परगणे, 'रा॥' म्हणजे राजश्री. एकच खूण दोन कामें करते, आणि तिसरें काम तिच्यावर लादणारा केवळ छापणारा असतो.

आडव्या रेघेचेंहि तसेंच. ओळीची रेघ अगोदर ओढलेली असल्यामुळें मजकूर मध्येंच संपला तर ती पुढें मोकळी राहते. तिला अपसरणरेषा समजून बाळबोधींत उतरल्यास, लेखकानें कांहीं अध्याहृत ठेविलें असा भास होतो. वास्तविक त्यानें कांहींच ठेविलेलें नसतें.

आणखी एक सावधगिरी. पत्र पोंचल्याची नोंद, म्हणजे पैवस्ती, ही पाठविणाराची नव्हे. ती घेणाराच्या दप्तरांतील कारकुनानें आपल्या हातानें घातलेली. ती तारीख पत्राच्या तारखेच्या शेजारीं एकाच अक्षरांत छापली म्हणजे एका पत्रास दोन तारखा होतात, आणि मग प्रवासाचे दिवस मोजून काढण्याचें साधनच नाहींसें होतें.

(३) हीं चिन्हें आलीं कोठून

आज आपण वापरतों ती विरामपद्धति मराठींत इंग्रजीच्या परिचयानें आली. ती शिस्तीनें लावण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांस देण्यांत येतें; त्यांचें 'विरामचिन्हांची परिभाषा' हें पुस्तक १८५० सालचें. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामांतील हेच ते कँडी. युरोपांतहि हीं चिन्हें अनादि नव्हेत. वाटोळ्या कंसांस इरॅस्मस या पंडितानें 'लहान चंद्रकोरी' अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें, तें सोळाव्या शतकांत.

१८७८ सालीं 'काव्येतिहाससंग्रह' निघूं लागला. पुढें १८९७ पासून वासुदेवशास्त्री खरे यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' आणि १८९८ पासून राजवाडे यांचीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' बाहेर आलीं. मोडी कागद बाळबोधींत छापून सर्वांस वाचावयास मिळूं लागले. हा उपकार केवढा हें सांगणें नलगे. परंतु लिपि बदलली त्याबरोबर तीन गोष्टी अपरिहार्यपणें संपादकाच्या झाल्या: शब्दांची तोड, इकार-उकारांचें ऱ्हस्वदीर्घ, आणि विरामचिन्हें. यांपैकीं मोडींत मुळीं तोडच नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा नाहीं, आणि चिन्हें तर नाहींतच. म्हणून कोणत्याहि छापील मोडी कागदांतील प्रत्येक स्वल्पविराम हा संपादकाचा अभिप्राय आहे, लेखकाचा शब्द नव्हे, ही गोष्ट वाचणारानें नित्य जवळ बाळगावी.

(४) दोन स्वल्पविरामांचें मोल

हा भेद केवळ कागदी आहे असें कोणी म्हणेल, म्हणून एक वाक्य घेऊं. तें कोणत्याहि कागदांतील नव्हे. नमुन्यासाठीं आम्हींच जुळविलें आहे. 'मौजे मजकूर येथील नदीकांठचीं शेतें पडीक आहेत तीं इनाम दिल्हीं असेत.' आतां हें दोन रीतींनीं छापतां येतें. 'नदीकांठचीं शेतें, पडीक आहेत, तीं इनाम दिल्हीं असेत' असें छापिलें तर नदीकांठचीं सगळीं शेतें दिलीं. तीं पडीक आहेत ही केवळ जातां जातां सांगितलेली माहिती. 'नदीकांठचीं शेतें पडीक आहेत तीं, इनाम दिल्हीं असेत' असें छापिलें तर नदीकांठच्या शेतांपैकीं जेवढीं पडीक तेवढींच दिलीं, लागवडीचीं राहिलीं. शब्द एकहि बदलला नाहीं; पण पहिल्या पाठानें इनामदार जिंकतो आणि दुसऱ्यानें पाटील.

'ध चा मा' केल्याची कथा महाराष्ट्रांत लहान मुलासहि ठाऊक आहे. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या वधाविषयींची ती कथा दंतकथा म्हणूनच घ्यावयाची. पण एका अक्षरानें माणूस मरतो हें तिनें लोकांच्या मनांत चांगलें ठसविलें आहे. अक्षर न बदलतां, केवळ मजकूर अवांतर धरावा कीं न धरावा एवढ्यावरहि माणसाचें जीवित लोंबतें, याचें उदाहरण मात्र दंतकथेंत शोधण्याचें कारण नाहीं. तें इंग्लंडांतील १९१६ सालच्या एका खटल्यांत घडलें आहे, आणि जुने कागद जमविणारांनीं तें अवश्य ध्यानांत ठेवावें असें आहे.

आयरिश पुढारी सर रॉजर केसमेंट यांनीं महायुद्धांत जर्मनींत जाऊन तेथील आयरिश युद्धकैद्यांची पलटण उभारण्याचा यत्न केला. त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यांत आला तो १३५१ सालच्या कायद्याखालीं. कायद्याची भाषा जुनी नॉर्मन फ्रेंच. त्यांतील कलमाचा आशय असा कीं, कोणी राजाच्या राज्यांत राजाच्या शत्रूंस मिळाला, राज्यांत त्यांस साह्य व आधार देऊन, किंवा अन्यत्र, तर तो राजद्रोह. केसमेंट यांच्या वकिलाचें म्हणणें, मुख्य अपराध 'राज्यांत' शत्रूस मिळणें हा; आरोपी तर जर्मनींत होता, तेव्हां तो या कलमांत येत नाहीं. सरकारपक्षाचें म्हणणें, 'राज्यांत त्यांस साह्य व आधार देऊन' हे शब्द मध्यें घातलेले, केवळ खुलाशाचे. ते जणूं कंसांत आहेत असें समजून बाजूस ठेवा, म्हणजे 'किंवा अन्यत्र' हे शब्द शत्रूस मिळण्याशींच जोडले जातात. अपील ऐकणाऱ्या न्यायमूर्तींपैकीं डार्लिंग व ॲटकिन हे दोघे स्वतः दप्तरखान्यांत गेले, आणि मूळ गुंडाळ्यांवर त्या जागीं विरामाची कांहीं खूण आहे कीं काय हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. निकाल केवळ खुणेवर झाला असें नव्हे. जुन्या विधिज्ञांचीं मतेंहि आधारास घेण्यांत आलीं. अपील फेटाळलें गेलें आणि ३ ऑगस्ट १९१६ रोजीं केसमेंट यांस फांशी देण्यांत आलें. स्वल्पविरामानें फांशीं गेला, अशी त्यांच्याविषयीं म्हणच पडून गेली.

या हकीकतींतून आम्हांस घ्यावयाचें तें इतकेंच कीं, छापील कायदा हाताशीं असतां न्यायाधीशांनीं मूळ कागद पाहिला. छापील प्रतींतील चिन्ह छापणाराचें असूं शकतें हें त्यांस ठाऊक होतें.

(५) आपल्या पोथ्यांची शिस्त

मूळ आणि भर यांचा भेद राखणें ही कांहीं पाश्चात्त्यांकडून घ्यावयाची विद्या नव्हे. आपल्या टीकाकारांनीं तो शब्दांनीं किती बारकाईनें राखला आहे! पर्याय दिला तर 'इत्यर्थः', तात्पर्य सांगितलें तर 'इति भावः', आणि मुळांत नसलेला शब्द अन्वयासाठीं पुरविला तर 'इति शेषः'. तीन प्रकारची भर, आणि तिन्हींस तीन निराळ्या मोहरा. पोथी लिहिणारे सुटलेलें अक्षर समासांत लिहून मजकुरांत हंसपदाची खूण करीत. चुकलेलें अक्षर हरताळानें बुजवीत, म्हणून आजहि आपण एखाद्या गोष्टीस हरताळ फांसला असें म्हणतों. मूळ पानाच्या मध्यभागीं आणि टीका वर-खालीं लिहिलेल्या त्रिपाठी पोथींत तर कोणतें कोणाचें हें दुरूनहि दिसतें. महानुभावांनीं आपल्या पोथ्यांत निराळ्या पाठास 'वासना' असें नांव देऊन तो निराळाच ठेविला.

अलीकडील काळांत पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढली, तिच्यांत डॉ. सुखठणकर यांनीं हेंच केलें: जेथें पाठ संशयित तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ, आणि जे श्लोक मूळ संहितेंत घेतले नाहींत ते तारकाचिन्हानें निराळे. ग्रीक-लॅटिन शिलालेख व पपायरस छापणारांनीं १९३१ सालीं लायडेन येथें एक संकेत ठरविला: गेलेलीं अक्षरें भरलीं तर चौकटी कंस, संक्षेप उलगडला तर वाटोळा कंस, लेखकानें चुकून गाळलेलें घातलें तर कोनाकार कंस. एका कंसास एकच काम, हें त्याचें सार. आणि आमच्या नकलेंत नेमकें तेंच नव्हतें.

(६) आमची सूचना

मोडी कागदांसाठीं पुढील नियम पुरेसे होतील असें आम्हांस वाटतें.

पहिला: वाटोळा कंस केवळ संक्षेप उलगडण्यासाठीं राखावा, जसें मौ(जे), प(रगणे). दुसरा: फाटलेल्या किंवा वाळवीनें खाल्लेल्या जागीं भरलेलीं अक्षरें चौकटी कंसांत घालावीं, भरतां येत नसल्यास जितकीं अक्षरें गेलीं असतील तितकीं टिंबें द्यावीं. तिसरा: मूळ लेखकानें ओळींमध्यें किंवा समासांत घातलेला मजकूर हंसपदाच्या खुणेनें दाखवावा, कंसांत कधींहि नाहीं; तो कागदाचाच भाग आहे. चौथा: अर्थ, खुलासा व इसवी तारीख हीं मजकुरांत न घालतां खालीं टिपेंत द्यावीं.

या चौथ्या नियमाविषयीं थोडें अधिक लिहिणें जरूर आहे. सुहूर सन मृगापासून बदलतो, म्हणून महिना न पाहतां त्याचें इसवी वर्ष काढणारा एका वर्षानें चुकतो. सतराव्या शतकांत सुरतकर इंग्रज जुन्या पंचांगानें तारखा लिहीत आणि गोव्याचे पोर्तुगीज नव्या पंचांगानें. पोर्तुगालनें तें १५८२ सालींच स्वीकारलें, इंग्रजांनीं १७५२ सालीं. म्हणून एकाच गोष्टीची तारीख सुरतेच्या कागदांत दहा दिवस मागें दिसते. संपादकानें 'छ' पुढील चंद्राशेजारींच कंसांत इसवी तारीख ठेविली, तर ती कोणत्या पंचांगाची हें विचारण्याचें वाचणारास सुचतच नाहीं. ती मूळचीच वाटते.

पांचवा: लेखकाचा अवांतर मजकूर दाखविण्यास स्वल्पविराम घालावा, पण तो 'खेरीज… करून', 'कीं… म्हणोन' अशा शब्दांच्या आधारानेंच घालावा. जेथें शब्दांचा आधार नाहीं व दोन अर्थ संभवतात, तेथें चिन्ह घालूं नये. ओळ उघडी सोडून दोन्ही अर्थ टिपेंत द्यावे. निवाडा करण्याचा मोह आवरणें हेंहि संपादकाचें कर्तव्यच आहे.

आज कागदाचें छायाचित्र घेणें सोपें झालें आहे, आणि २०१४ सालापासून मोडी अक्षरांस युनिकोड या संगणकीय संकेतांतहि जागा मिळाली आहे. त्या मोडी विभागांत दंड, दुहेरी दंड व संक्षेपचिन्ह यांचीं घरें आहेत. स्वल्पविरामाचें किंवा कंसाचें स्वतंत्र घर नाहीं, आणि तें योग्यच झालें. तरीहि छायाचित्र आहे म्हणून नक्कल कशीहि करावी असें नव्हे. बहुतेक वाचणारे नक्कलच वाचणार.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, आपल्या रुमालांतील ज्या कागदांच्या नकला पूर्वीं झाल्या असतील, त्या मूळ कागद शाबूत आहे तोंच एकदां काढून त्याच्याशीं ताडाव्या, आणि त्यांतील प्रत्येक कंसापुढें तो कोणाचा हें समासांत लिहून ठेवावें. एका कागदास घटकाभर वेळ लागेल. आम्हीं ती घटका वांचविली, आणि एका शब्दाचा धनी कायमचा गमावला.